५०२ आणि हेडरची लांबी

ब्राउझर पान मागतो तेव्हा कुकी, लॉगिनचे टोकन, आधीच्या पानाचा पत्ता असा मजकूर हेडरमधून जातो. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर अशा एकेका ओळीला मुळात ८ केबीपर्यंत जागा देतो. त्याच्यामागे पायथनचे अ‍ॅप्लिकेशन चालवणारा यूडब्ल्यूएसजीआय मात्र सगळ्या ओळी मिळून ४०९६ बाइटच घेतो. त्यामुळे पाच केबीची विनंती पुढच्या दारातून आत येते आणि माजघरात अडते. वापरणाऱ्याला दिसतो फक्त ५०२ हा त्रुटीचा क्रमांक. खरे कारण मागच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘इनव्हॅलिड रिक्वेस्ट ब्लॉक साइझ’ या शब्दांत नोंदलेले असते. शोध तिथूनच सुरू करावा.

पानाचा पत्ताही याच ४०९६ बाइटांत मोजला जात असल्याने मराठीला ही मर्यादा फार लवकर नडते. ‘कोल्हापूर’ या शब्दात युनिकोडची ९ चिन्हे आहेत. यूटीएफ-८मध्ये त्यांचे २७ बाइट होतात आणि वेबपत्त्यात टक्केचिन्हांसह तब्बल ८१! रोमन लिपीत हेच नाव ८ बाइटांत मावते. शिवाय एन्जिनएक्सच्या नेहमीच्या मांडणीत पत्त्यातले शोधशब्द मागे दोनदा पाठवले जातात.

यूडब्ल्यूएसजीआयची ही मर्यादा ठरवणारी ‘बफर-साइझ’ वाढवली की अडथळा लगेच दूर होतो. पण साचलेल्या जुन्या कुकी आधी काढाव्यात, आणि लांबलचक मराठी मजकूर पत्त्याऐवजी ‘पोस्ट’ विनंतीतून पाठवावा.