काळजी आधी कोणाची? आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपला समाज

कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) रुग्णाची शुश्रूषा करत नाही. ती जुन्या नोंदींवरून अंदाज बांधते आणि मोजके कर्मचारी आधी कोणाकडे पाठवायचे हे सुचवते. त्या यादीतून कोण सुटते, हा सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे.

मुंबईतील उदाहरण

डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये स्थापन केलेली ‘अरमान’ ही संस्था ‘एममित्र’ सेवेतून गरोदर व बाळंत महिलांना फोनवर आरोग्यसंदेश मोफत ऐकवते. अनेक जणी मध्येच संदेश ऐकणे सोडतात आणि प्रत्येकीला फोन करण्याइतके कर्मचारी नसतात. म्हणून गूगलच्या संशोधकांसोबत एक प्रणाली तयार झाली. कोणाला फोन केल्यास फरक पडेल, हे ती सांगते. सुमारे २३,००० महिलांच्या अभ्यासात ही गळती जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाली. फोनवर बोलते ती मात्र कार्यकर्तीच.

धोका कुठे आहे?

अमेरिकेतील अशाच एका प्रणालीचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. तिला वंश सांगितलेला नव्हता. पण तिने आजाराऐवजी उपचारावरचा खर्च मोजला. कृष्णवर्णीयांवर खर्चच कमी होत असल्याने तितकेच आजारी असूनही ते मागे राहिले. ही चूक सुधारल्यास जादा मदतीसाठी निवडलेल्यांत त्यांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्के झाले असते.

आपल्याकडे जात विचारली नाही तरी आडनाव आणि वस्ती ती सांगून जातात. उद्या जळगावात मेहरूणसाठी अशी यादी झाली, तर जिच्या घरातला एकुलता फोन नवऱ्याकडे असतो किंवा जी मजुरी बुडेल म्हणून दवाखान्यात जात नाही, तिची नोंदच नसेल. यंत्राला ती ‘गरज नसलेली’ वाटू शकते.

कार्यकर्त्यांनी विचारायचे प्रश्न

- प्रणाली गरज मोजते की खर्च, हजेरी, प्रतिसाद?
- नोंद नसलेल्यांचे काय?
- माहिती घेताना समजेल अशा मराठीत संमती घेतली का?
- आशा सेविकेला यादी बदलता येते का?
- चुकीची दाद कुठे मागायची?

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. आपला इतरांना काही उपयोग नाही, म्हणून कोणी पाहत नाही, असे तो सांगतो. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः आंघोळ घातली. उपयोग पाहून काळजी ठरवायची नसते, ही शिकवण यंत्र बनवणाऱ्यांपर्यंत पोहोचवणे आता आपले काम आहे.