निनावी सभेचा पत्ता

स्वतःचे नाव झाकून ठेवणाऱ्या मंडळींनी आपला पत्ता मात्र सर्वांना कळेल असा ठेवायचा, हा पेच 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' या संघटनेच्या इतिहासात आरंभापासून आहे. दारू सोडू पाहणाऱ्याला सभा सापडली पाहिजे. सभेला आलेला माणूस मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना सापडता कामा नये. या संघटनेविषयी लिहिताना तिच्या बारा पायऱ्यांची आणि त्यांतील ईश्वरकल्पनेची चर्चा पुष्कळ होते. साहित्याच्या अभ्यासकाला तिच्या सभेचा घाट अधिक विचारार्ह वाटावा, कारण तो मुळात कथनाचा घाट आहे.

या कथनाची पूर्वपीठिका अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात आहे. तेथील एका गुत्त्यात नेहमी जमणाऱ्या सहा दोस्तांनी १८४० च्या एप्रिलमध्ये दारू सोडण्याची शपथ घेतली आणि एक मंडळ काढले. पुढे ते 'वॉशिंग्टनियन' चळवळ म्हणून ओळखले गेले. तोवर मद्यपाननिषेधाची व्याख्याने प्रामुख्याने पाद्री आणि प्रतिष्ठित नागरिक देत. दारुडा त्यांत दाखल्यापुरता येई. या मंडळींनी व्यासपीठावर दारुड्यालाच उभे केले. कसा प्यायलो, काय गमावले, कसा थांबलो, हे त्याने आपल्याच तोंडाने सांगायचे. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्ड येथे त्यांच्यापुढे बोलताना तरुण अब्राहम लिंकनने जुन्या प्रचारकांच्या धिक्काराच्या भाषेवरच बोट ठेवले. त्याच वर्षी वॉल्ट व्हिटमनची 'फ्रँकलिन इव्हान्स' ही मद्यपाननिषेधाची कादंबरी प्रसिद्ध झाली. (उत्तरायुष्यात व्हिटमननेच तिची टर उडविली, आणि ते योग्यच होते.)

परंतु व्यासपीठ मिळाले की नट निर्माण होतात. जॉन गॉफ हा पुस्तकबांधणीचा कारागीर या चळवळीतून पुढे आला आणि नामांकित वक्ता झाला. १८४५ मध्ये त्याचे आत्मचरित्र निघाले, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये तो काही दिवस बेपत्ता होऊन नशेत सापडला. वृत्तपत्रांना मेजवानी मिळाली. गॉफ त्यातून सावरला. पण एका माणसाचा तोल जाणे म्हणजे साऱ्या चळवळीची नाचक्की, हा धोका त्यातून उघड झाला. अंतर्गत वाद आणि राजकारण यांनी पोखरलेली ती चळवळ अल्पावधीतच विरली.

सुमारे नव्वद वर्षांनी, मे १९३५ मध्ये, बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा गृहस्थ ओहायोतील अॅक्रन गावी धंद्यात फसून हॉटेलच्या दिवाणखान्यात उभा होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते, आणि शेजारच्या बारमधून आवाज येत होते. त्याने भिंतीवरील चर्चच्या यादीतून एक क्रमांक निवडला, फोन केला आणि आपल्याला एखाद्या दारुड्याशी बोलायचे आहे असे सांगितले. एकातून दुसरा दुवा मिळत, दुसऱ्या दिवशी त्याची डॉ. बॉब स्मिथ या शल्यवैद्याशी गाठ पडली. पंधरा मिनिटांपलीकडे थांबणार नाही, असे ठरवून आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. विल्सनने उपदेश केला नाही. आपली हकिगत सांगितली, आणि ती सांगण्याची गरज आपल्यालाच आहे हेही सांगितले. इथे श्रोता आणि वक्ता यांची जागा कोणत्याही क्षणी बदलू शकते. वॉशिंग्टनियनांच्या व्यासपीठापेक्षा हे वेगळे आहे.

मग ती फोन करण्याची धडपड सर्वांसाठी सुलभ कशी करायची? १९३९ मध्ये संघटनेच्या नावाचेच पुस्तक निघाले. निम्म्याहून अधिक पुस्तक सदस्यांच्या निनावी आत्मकथनांनी भरलेले होते. क्लीव्हलँडच्या एका दैनिकातील लेखमालेने, आणि १ मार्च १९४१ च्या 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट'मधील जॅक अलेक्झांडरच्या लेखाने पत्रांचा पूर लोटला. सदस्यसंख्या वर्षभरात दोन हजारांवरून आठ हजारांच्या घरात गेली. प्रसिद्धीविना सभा सापडत नाही हे सिद्ध झाले. दरम्यान १९४० मध्ये रॉली हेम्सली या बेसबॉलपटूने आपले सदस्यत्व जाहीर केले होते, आणि गॉफचा जुना धोका पुन्हा दिसू लागला होता. १९५० मध्ये स्वीकारलेल्या 'बारा परंपरां'त यावर तोडगा आहे: संघटनेची माहिती वृत्तपत्रांत येऊ द्यावी, व्यक्तीचे नाव येऊ देऊ नये. सदस्यत्वाला दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट. वर्गणी नाही, खर्च सदस्यांच्या ऐच्छिक देणगीतून.

आपल्या अभंगात कवीची नाममुद्रा शेवटच्या चरणात येते. या सभेत माणूस नुसते पहिले नाव आरंभीच सांगतो, आणि शेवटी काहीच उरवत नाही.

महाराष्ट्रातही अशा सभा मराठीतून भरतात. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'सारख्या केंद्रातून बाहेर पडलेल्या माणसापुढे नंतरच्या एकेका संध्याकाळचा प्रश्न असतो, आणि तिथे जवळची सभा कुठे नि किती वाजता, ही माहिती औषधाइतकीच महत्त्वाची ठरते. 'खुल्या' सभेला कुटुंबीय, विद्यार्थी, कोणीही बसू शकतो. 'बंद' सभा फक्त ज्यांना दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. अभ्यासकाने खुल्या सभेला अवश्य जावे, वही मात्र घरी ठेवावी. इंग्रजी पुस्तकाच्या १९५५, १९७६ आणि २००१ च्या आवृत्त्यांत तत्त्वविवेचनाचा भाग जवळजवळ जसाच्या तसा राहिला. आत्मकथने मात्र दर वेळी गाळली गेली आणि नवी आली. मराठीत या सभांमधून रोज सांगितल्या जाणाऱ्या हकिगती तर बहुतांशी कागदावर येतच नाहीत.