खांदेरीचा दीप

आम्ही निरवांगीकर नीरेकाठचे. आमच्या नदीचे पाणी नरसिंहपुरास भीमेला मिळते आणि पुढे कृष्णेवाटे पूर्वसमुद्रास जाते. तेव्हा पश्चिमसमुद्रातील दीपगृहाशी आमचे नाते काय, असे कोणी विचारील. परंतु इंदापूर परगणा शहाजीराजांच्या जहागिरीत होता. त्यांच्या पुत्राने समुद्रात उभारलेल्या खांदेरीचा इतिहास आम्हांस परका कसा वाटावा?

मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर हे लहानसे बेट आहे. इ. स. १६७९ मध्ये शिवछत्रपतींच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी तेथे तटबंदीचे काम आरंभिले. मुंबईच्या तोंडाशी किल्ला होतो हे पाहून इंग्रजांनी जहाजे पाठवून विरोध केला. तथापि मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्रीच्या अंधारात रसद पोचवीत राहिल्या; काम थांबले नाही. पुढे १७१८ मध्ये, कान्होजी आंग्रे यांच्या काळी, इंग्रजांनी पुन्हा हल्ला केला, तोही फसला.

कालांतराने मराठी राज्य गेले. ज्या बेटाने इंग्रजांस इतके झुंजविले, त्यावरच १८६७ मध्ये त्यांच्या अमदानीत दीपगृह उभे राहिले. दोनच वर्षांनी सुएझचा कालवा खुला झाला, मुंबईकडे येणाऱ्या आगबोटी वाढल्या आणि या दीपाचे मोलही वाढले. १९९८ मध्ये बेटास कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीचाही समावेश झाला.

या इतिहासातून आम्हांस एक विचार सुचतो. तट आपला आणि परका असा भेद करतो. संकटकाळी तो करावाच लागतो. दीप मात्र जहाजावरील निशाण पाहत नाही. खांदेरीच्या एकाच खडकावर दोन्ही उभे आहेत, आणि एकामुळे दुसऱ्यास उणेपणा आलेला नाही.

ज्ञातिसंस्थाही आरंभी तटासारखीच असते. आपल्या मुलांचे शिक्षण, आपल्या निराधारांचा सांभाळ, हे तिचे पहिले कर्तव्य होय. परंतु आपण लावलेल्या ज्ञानदीपाचा प्रकाश शेजारच्या घरातील मुलाच्या पुस्तकावर पडला, तर आपल्या अंगणातील उजेड कमी होणार नाही. तट राखावा आणि दीपही तेवत ठेवावा, एवढेच आमचे ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र सांगणे आहे.