बावखल : एका शब्दामागील जलव्यवस्था

वसईच्या पश्चिम पट्टीत 'बावखल' हा शब्द अद्याप प्रचारात आहे. वाडीच्या कडेस खोदलेला, पावसाच्या पाण्याने भरणारा गोड्या पाण्याचा डोह, असा त्याचा अर्थ होय. ह्यातील 'बाव' हे पूर्वपद संस्कृत 'वापी'शी नाते सांगते; विहीर ह्या अर्थाने ते कोकणात अन्यत्रही आढळते. तथापि बावखल म्हणजे विहीर नव्हे, आणि तळेही नव्हे. तळे बहुधा गावाचे किंवा देवळाचे असते. बावखल वाडीचे, म्हणजे शेतीच्या रोजच्या कामाचे. ही व्यवस्था कशाच्या आधारावर टिकली होती हे पाहावे, आणि अलीकडे स्थानिक स्वयंसेवकांनी आरंभलेल्या तिच्या पुनरुज्जीवनाचा त्या प्रकाशात विचार करावा, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम भूरचना लक्षात घेतली पाहिजे. वसईच्या पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर आहेत. डोंगरावरून उतरणारे पाणी सखल खाजणांतून खाडीकडे जाते. भरतीच्या वेळी मात्र त्याची वाट अडते. किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते. अशा प्रदेशात पाऊस काही काळ थोपवून धरणे व तो जमिनीत मुरविणे ह्या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात. बावखले ही दोन्ही कामे करीत.

ती करीत, परंतु केवळ त्यासाठी ती खोदलेली नव्हती. केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुलझाडे यांचे शिंपण हे त्यांचे प्रयोजन. रहाटाने पाणी वर काढावयाचे व पाटाने वाडीत फिरवावयाचे. उन्हाळ्यात पाणी आटले की गाळ उपसून खत म्हणून वापरावयाचा. काठ ढासळू नयेत म्हणून झाडे राखली जात. त्या झाडीत व पाण्यात खंड्या, पाणकोंबडी, बेडूक, कासव यांना आपोआप आसरा मिळे. जलसंवर्धन किंवा वन्यजीवरक्षण हे शब्द तेथे कोणाच्या तोंडी नव्हते. परंतु शेतकऱ्याच्या नित्याच्या गरजेतून दोन्ही साधत होते.

विसाव्या शतकात रहाटाची जागा पंपाने घेतली, आणि गाळ काढण्याची निकड उरली नाही. पुढे शहरांची पाण्याची मागणी वाढली. वसईतील विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले. ह्या उपशास आणि बेसुमार बांधकामांस विरोध करण्यासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. १९९० मध्ये ह्या भागाच्या नियोजनाचे अधिकार सिडकोकडे आले व २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. ह्या सर्व काळात जमिनीचे मोल वाढत गेले, आणि अनेक बावखले भराव घालून बुजविण्यात आली.

जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरार पाण्याखाली गेले आणि लोकलगाड्या बंद पडल्या. त्यानंतर निरी व मुंबईची आयआयटी यांच्या सत्यशोधन समितीने पाणी साठवून धरणाऱ्या 'धारण तलावां'ची आवश्यकता प्रतिपादिली. ही संज्ञा नवी, प्रशासकीय व संस्कृतनिष्ठ आहे. तिच्यातील कल्पनेचा एक अंश मात्र 'बावखल' ह्या बोलीतील शब्दात पूर्वीच नांदत होता. दोन्हींचे आकारमान भिन्न आहे हे खरे. लहान बावखलांनी डोंगरावरून येणारा सारा लोंढा थोपेल असे कोणी मानू नये. परंतु आपल्या परिसरातील पाणी ती अडवितात, आणि असंख्य लहान साठ्यांचा परिणाम उपेक्षणीय नसतो.

ह्या पार्श्वभूमीवर मर्देस व आसपासच्या गावांतील युवा विकास संस्थेच्या कार्यकर्त्यांच्या खटपटीचे महत्त्व ध्यानात येईल. बावखलांतील कचरा व गाळ काढणे आणि मालकांचे मन वळविणे, असे हे काम आहे. ह्यांतील शेवटचे काम सर्वांत कठीण म्हणावे लागेल. बावखल खाजगी मालकीच्या जमिनीत असते; त्याचा लाभ शेजाऱ्याच्या विहिरीस व सबंध गावास होतो, तर ते बुजविण्याचा नफा एकट्या मालकास मिळतो.

जुन्या व्यवस्थेत हा विरोध तीव्र नव्हता, कारण मालकाची गरज व गावाचे हित एकाच पाण्यात गुंतलेले होते. श्रमदानाने गाळ निघेल, पण ही तुटलेली सांगड केवळ त्याने जुळणार नाही. बावखलांची अधिकृत नोंद, भराव घालण्यास प्रतिबंध आणि ती राखणाऱ्या मालकास करात सवलत किंवा अन्य मोबदला मिळाल्यासच स्वयंसेवकांचे कष्ट टिकाऊ होतील. तसे न घडल्यास 'बावखल' हा शब्द केवळ बोलीकोशात शिल्लक राहील. आणि त्याचा अर्थ सांगण्यास बोट दाखवावे, अशी जागा वसईत सापडणार नाही.