शिश्नाग्रत्वचा

शिश्नाच्या टोकाशी असलेल्या मण्यास (शिश्नमण्यास) झाकणारी, मागेपुढे सरकू शकणारी त्वचेची दुहेरी घडी. तिला नुसते अग्रत्वचा असेही म्हणतात. ही घडी अंशतः वा पूर्णतः कापून काढण्याच्या क्रियेस सुंता ही संज्ञा आहे. सुंतेचा इतिहास हजारो वर्षांचा असून त्याविषयी विपुल लेखन झालेले आहे. तथापि ज्या भागावर ही क्रिया केली जाते, त्याच्या वाढीचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकापर्यंत झाला नव्हता. त्या अभ्यासाच्या अभावी बालवयातील अग्रत्वचेची स्वाभाविक अवस्था हाच रोग समजला गेला आणि असंख्य बालकांवर अनावश्यक शस्त्रक्रिया झाल्या. हा समज कसा रूढ झाला व कसा दूर झाला, हा वैद्यकाच्या इतिहासातील एक उद्‌बोधक भाग आहे.

शारीर : अग्रत्वचेचा बाहेरील थर शिश्नाच्या त्वचेशी सलग असतो. टोकाशी तो आत वळतो व मण्यामागील खाचेशी जाऊन मिळतो. आतील थर केशरहित, मऊ व ओलसर असून त्याची रचना श्लेष्मकलेसारखी (बुळबुळीत अस्तरासारखी) असते. दोन्ही थरांच्या मध्ये डार्टॉस या अरेखित स्नायूचे तंतू, लवचिक तंतू, रक्तवाहिन्या व तंत्रिका (मज्जा) असतात. बालकांत टोकाजवळील स्नायुतंतू कड्यासारखे असल्याने तेथील मुख आवळलेले दिसते. मण्याच्या खालच्या बाजूस एका लहान पडद्यासारख्या बंधाने अग्रत्वचा जखडलेली असते. स्पर्श ग्रहण करणाऱ्या तंत्रिकाग्रांचे येथील प्रमाण लक्षणीय असते. नवजात बालकाच्या अग्रत्वचेतील तंत्रिकांचा सूक्ष्मदर्शकीय अभ्यास अमेरिकन त्वचारोगविज्ञ आर. के. विंकलमन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केला.

मणी व आतील थर यांच्यामध्ये जमणाऱ्या पांढरट पदार्थास स्मेग्मा म्हणतात. इंग्रज शारीरविज्ञ एडवर्ड टायसन (१६५१–१७०८) यांचे नाव दिल्या गेलेल्या ग्रंथींतून तो स्रवतो, असे दीर्घकाळ मानले जात होते. पुढील सूक्ष्मदर्शकीय तपासणीत आतील थरात अशा ग्रंथी आढळल्या नाहीत. स्मेग्मा हा मुख्यत्वे गळून पडलेल्या अधिस्तर कोशिकांचा (पृष्ठभागावरील आवरक पेशींचा) बनलेला असतो.

वाढ : गर्भावस्थेच्या सु. आठव्या आठवड्यात मण्याच्या मागील भागी त्वचेची घडी उमटू लागते व सु. सोळाव्या आठवड्यापर्यंत ती मण्यावर पूर्णपणे पसरते. या अवस्थेत मणी व अग्रत्वचा यांचे अधिस्तर वेगळे नसतात. दोहोंना मिळून एकच समाईक थर असतो. त्यामुळे जन्मसमयी अग्रत्वचा मण्यास ‘चिकटलेली’ असते असे म्हणण्यापेक्षा ती अद्याप ‘सुटलेली’ नसते, असे म्हणणे अधिक बरोबर ठरते. समाईक थरातील कोशिका हळूहळू शृंगीभूत होऊन (कडक बनून) गळतात, मधे पोकळी निर्माण होते आणि दोन पृष्ठभाग विलग होतात. ही क्रिया काही मुलांत दोनतीन वर्षांत, तर काहींत वयात येण्याच्या सुमारास पूर्ण होते. १९३३ मध्ये जी. ए. डायबर्ट यांनी या विलगीकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले.

प्राचीन काळ : ईजिप्तमध्ये सक्कारा येथील आंखमाहोर याच्या थडग्यातील शिल्पपटात (सहावे राजघराणे, इ. स. पू. चोविसावे–तेविसावे शतक) सुंतेचा प्रसंग कोरलेला असल्याचे सामान्यतः मानले जाते. ज्यू धर्मात जन्मानंतर आठव्या दिवशी हा विधी करतात. याउलट ग्रीकांच्या दृष्टीने मणी उघडा दिसणे हे असभ्यपणाचे होते. त्यामुळे ग्रीक-रोमन नगरांत वावरणारे काही ज्यू अग्रत्वचा पूर्ववत करून घेत असत. त्यासाठीच्या शस्त्रक्रियेचे वर्णन रोमन ग्रंथकार सेल्सस (इ. स. पहिले शतक) याने आपल्या वैद्यकविषयक ग्रंथाच्या सातव्या भागात केले आहे.

भारतात सुश्रुतसंहितेत अग्रत्वचेचे तीन विकार सांगितलेले आहेत. मागे सरकलेली त्वचा मण्याखाली अडकून सुजणे म्हणजे परिवर्तिका, त्वचा फाटणे म्हणजे अवपाटिका आणि त्वचेने मणी आवळला जाऊन मूत्रास अडथळा होणे म्हणजे निरुद्धप्रकश. परिवर्तिकेत तूप लावून व शेक देऊन त्वचा हळूहळू पुढे आणावी, असे सांगितले आहे. निरुद्धप्रकशात दोन्ही बाजूंस तोंड असलेली लोखंडाची, लाकडाची वा लाखेची नळी तूप माखून आत घालावी व दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी वापरून मुख रुंदावत न्यावे, असा उपचार आहे. छेद घेण्याचाही पर्याय दिलेला आहे. या वर्णनात विकाराची ओळख मूत्राच्या अडथळ्यावरून केलेली आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्वचा केवळ मागे सरकत नाही, एवढ्यावरून रोग ठरविलेला नाही.

एकोणिसावे शतक : यूरोपीय वैद्यकात अग्रत्वचेकडे पाहण्याची दृष्टी अठराव्या शतकापासून पालटू लागली. स्विस वैद्य एस. ए. तिसो (१७२८–९७) यांच्या १७६० सालच्या हस्तमैथुनावरील फ्रेंच ग्रंथामुळे ही सवय नाना रोगांचे मूळ असल्याचा समज दृढ झाला. अग्रत्वचेमुळे या सवयीस उत्तेजन मिळते, असे पुढे अनेकांनी प्रतिपादिले. १८५५ मध्ये लंडनमधील शस्त्रक्रियाविशारद जोनाथन हचिन्सन (१८२८–१९१३) यांनी ज्यू रुग्णांत उपदंशाचे प्रमाण कमी असल्याचे दाखवून त्याचे श्रेय सुंतेस दिले.

यास खरी गती न्यूयॉर्कचे अस्थिशल्यविशारद ल्यूइस सेअर (१८२०–१९००) यांच्यामुळे मिळाली. १८७० मध्ये त्यांच्याकडे पाय लुळे पडलेला पाच वर्षांचा एक मुलगा आणण्यात आला. त्याची अग्रत्वचा आवळलेली व मण्यास चिकटलेली पाहून तेथील क्षोभ तंत्रिकांद्वारे पायांपर्यंत पोहोचत असावा, असा तर्क सेअर यांनी केला व सुंता केली. मुलगा सुधारला आणि सेअर यांनी त्यावरून एक उपपत्ती मांडली. पुढे लकवा, सांध्यांचे विकार, आकडी अशा अनेक रोगांसाठी ही शस्त्रक्रिया सुचविली जाऊ लागली. या विचारसरणीतील उणीव उघड होती. निरोगी मुलांत अग्रत्वचा कशी असते हे कोणी तपासले नव्हते. बहुतेक लहान मुलांत ती मागे सरकत नसल्यामुळे, कोणत्याही आजारी मुलाची तपासणी केली की ‘कारण’ हमखास सापडत असे.

संवेदनाहरण व जंतुनाशन यांमुळे शस्त्रक्रिया सुकर झाली होती. इंग्लंड व अमेरिकेत प्रसूती रुग्णालयात होऊ लागल्यावर नवजात बालकांची सुंता हा नित्याचा भाग बनला. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील बहुसंख्य नवजात मुलग्यांची सुंता होत होती. इंग्लंडमध्ये ही प्रथा विशेषतः सुस्थित वर्गांत रूढ होती.

पुनर्विचार : केंब्रिज येथील बालरोगविज्ञ डग्लस गेअर्डनर (१९१०–९२) यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात १९४९ मध्ये एक लेख लिहिला. त्यांनी १०० नवजात बालके व पाच वर्षांपर्यंतचे सु. २०० मुलगे तपासले होते. नवजातांपैकी केवळ ४ टक्क्यांत अग्रत्वचा पूर्णपणे मागे जात होती. एका वर्षाच्या सु. निम्म्या, तर तीन वर्षांच्या सु. ९० टक्के मुलांत ती मागे जात होती. त्यामुळे बालकात त्वचा न सरकणे हा दोष नसून वाढीचा टप्पा आहे, हे स्पष्ट झाले. लंगोटातील मूत्रजन्य अमोनियापासून मण्याचे रक्षण करणे हे अग्रत्वचेचे बालवयातील कार्य असल्याचे त्यांनी सांगितले. सुंता झालेल्या बालकांत मूत्रद्वारावर व्रण होतात, याकडेही लक्ष वेधले. इंग्लंड व वेल्समध्ये या शस्त्रक्रियेशी निगडित असे पाच वर्षांखालील मुलांचे दरवर्षी सु. १६ मृत्यू होत असल्याचे त्यांनी अधिकृत नोंदींवरून दाखविले. नव्यानेच सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या काळात ब्रिटनमधील ही प्रथा झपाट्याने मागे पडली.

डेन्मार्कमधील याकोप अस्टर यांनी सहा ते सतरा वर्षांच्या सु. २,००० शाळकरी मुलांची अनेक वर्षे तपासणी करून १९६८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा-सात वर्षांच्या ६३ टक्के मुलांत मण्याशी काही प्रमाणात संलग्नता आढळली, तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ३ टक्के होते. विलगीकरणास गेअर्डनर यांच्या अंदाजापेक्षाही अधिक काळ लागू शकतो, हे यावरून दिसून आले. अमेरिकन बालरोग अकादमीच्या समितीने १९७१ मध्ये नवजातकाळात सुंतेस ग्राह्य वैद्यकीय कारणे नाहीत, असे मत दिले. तरीही तेथील प्रथा टिकून राहिली. रुग्णालयांतील नवजातांच्या सुंतेचे प्रमाण १९७९ मध्ये ६४·५ टक्के व २०१० मध्ये ५८·३ टक्के होते.

कार्य व मतभेद : मण्याचे रक्षण करणे, त्याचा पृष्ठभाग ओलसर ठेवणे, स्पर्शसंवेदन व संभोगसमयी त्वचेची सुलभ हालचाल ही अग्रत्वचेची कार्ये सांगितली जातात. कॅनडातील विकृतिविज्ञ जॉन टेलर व त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये आतील थराच्या टोकाजवळील वळ्यांच्या पट्ट्याचे वर्णन करून तो विशेष संवेदनक्षम असल्याचे प्रतिपादिले. सुंतेमुळे लैंगिक संवेदनेत कितपत फरक पडतो, याविषयी मात्र संशोधकांत एकमत नाही.

अग्रत्वचेशी निगडित धोक्यांचाही अभ्यास झाला आहे. सुंता न झालेल्या मुलग्यांत पहिल्या वर्षी मूत्रमार्गाच्या संक्रामणाचे प्रमाण अधिक असते. तथापि ते मुळातच सु. एक टक्का आहे. शिश्नाचा दुर्मीळ कर्करोग प्रामुख्याने अग्रत्वचा आवळलेल्या प्रौढांत आढळतो. आतील थरात एचआयव्ही विषाणू ज्यांत शिरकाव करू शकतो अशा कोशिका असतात. दक्षिण आफ्रिका, केन्या व युगांडा येथील चाचण्यांत (२००५–०७) प्रौढांच्या सुंतेमुळे स्त्रीकडून पुरुषास होणारे या विषाणूचे संक्रामण सु. ६० टक्क्यांनी कमी झाले. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये अशा संक्रामणाचे प्रमाण मोठे असलेल्या प्रदेशांसाठी सुंतेची शिफारस केली. अमेरिकन अकादमीने २०१२ मध्ये लाभ हे धोक्यांहून अधिक असल्याचे म्हटले. पण सर्वच नवजातांच्या सुंतेची शिफारस केली नाही. यूरोपातील अनेक तज्ञांनी या निष्कर्षास हरकत घेतली.

उपचारपद्धतीत मात्र मोठा बदल झाला आहे. खरा संकोच बहुधा व्रणामुळे वा त्वचारोगामुळे मुख कठीण व पांढरट होऊन उद्‌भवतो. तेथे शस्त्रक्रिया उपयुक्त ठरते. सौम्य संकोचावर स्टेरॉइडयुक्त मलम पुष्कळदा पुरेसे होते. बालकाची अग्रत्वचा बळाने मागे ओढल्यास ती फाटून व्रण राहतो व नसलेला संकोच निर्माण होऊ शकतो. म्हणून ती बाहेरून धुणे एवढीच निगा पुरेशी मानतात. मूत्र सुरळीत होत असेल, वेदना किंवा वारंवार दाह नसेल, तर त्वचा आपोआप सुटण्याची वाट पाहणे हाच आजचा सर्वसंमत सल्ला आहे.