वाटेवरचे गाव

आगगाडीने दक्षिणेकडे गेलेल्या पुष्कळ वाचकांनी होटगी हे नाव ऐकले असेल. परंतु होटगी पाहिली आहे असे सांगणारा गृहस्थ विरळाच. सोलापूर सुटल्यावर लवकरच हे जंक्शन लागते. येथून एक मार्ग वाडी-रायचूरकडे व दुसरा विजापूर-गदगकडे फुटतो. गाडी क्षणभर थांबते, किंवा थांबतही नाही. गाव मात्र फलाटापलीकडे राहून जाते. वस्तुतः तेथे पाहण्यासारखे कमी नाही. जवळच मोठा तलाव आहे, हिवाळ्यात त्यावर पाणपक्षी उतरतात. वीरशैवांचा प्रसिद्ध मठ आहे. आणि मराठी व कानडी या दोन्ही भाषा तेथे शेजारणींप्रमाणे नांदतात. अशा गावी शहरवासीयांनी जावे, तेथील सृष्टी पाहावी व त्यायोगे गावासही चार पैसे मिळावेत, या कल्पनेस हल्ली हरित पर्यटन असे नाव मिळाले आहे. कल्पना चांगली आहे. परंतु पाहुण्यास आमंत्रण देण्यापूर्वी यजमान कोण, हे ठरले पाहिजे असे आम्हांस वाटते. सोलापूरच्या परिसराने या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे अनुभवली आहेत. त्यांचा विचार केल्यास पुढील वाट दिसेल.

पहिले उत्तर बाराव्या शतकातील आहे. त्या वेळी सोन्नलिगे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सोलापुरी शिवयोगी सिद्धरामेश्वर यांनी अनुयायांस बरोबर घेऊन तळे खणविले. या अवर्षणाच्या मुलखात तळे खणणे हीच त्यांनी ईश्वरसेवा मानली. अल्लमप्रभूंनी तेथे येऊन त्यांस वडार म्हणून हिणविले आणि तळी खणून मोक्ष मिळत नाही असे सुनावले, अशी कथा वीरशैव ग्रंथांत आहे. अध्यात्माच्या वादात जय कोणाचा झाला हे पंडितांनी ठरवावे; परंतु दगडमातीचे काम करणाऱ्या समाजाने सिद्धरामांस आपला गुरु मानले, ही गोष्ट आमच्या मते अधिक बोलकी आहे. आजही मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात गड्डा यात्रा भरते. सात नंदीध्वज खांद्यावर घेऊन भक्त नगराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात. कोणता मान कोणाचा हे परंपरेने ठरलेले आहे. लक्षावधी लोक येतात व जातात. पण येणारा मनुष्य येथे गिऱ्हाईक नसून यात्रेकरू असतो. तो गावाचे नियम पाळावयास येतो, गावाला आपले नियम शिकवावयास नव्हे. आज शहराच्या वाढीचा भार त्या तळ्याच्या पाण्यावर पडला आहे, हे खरे. तथापि तळे आपले आहे ही जाणीव आठ शतके टिकली, तिचे श्रेय त्या सामुदायिक श्रमासच दिले पाहिजे.

दुसरे उत्तर होटगीच्या स्थानकाचे आहे. इ. स. १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापुरास पोचली व १८७१ पर्यंत ती रायचूरला जाऊन मद्रासच्या मार्गास मिळाली. मध्यंतरी १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडला. धान्य वेळेवर न पोचल्याने माणसे मरतात, हा कटु धडा सरकारास मिळाला आणि दुष्काळी प्रदेशांतून लोहमार्ग काढण्याच्या धोरणास वेग आला. सदर्न मराठा रेल्वेचा होटगी-गदग हा मार्ग त्याच धोरणाचे फळ असून तो १८८४ च्या सुमारास सुरू झाला. मुख्य मार्ग रुंद मापाचा व हा नवा मार्ग मीटर मापाचा. म्हणून विजापूरचा गोलघुमट पाहावयास निघालेल्या प्रवाशास प्रारंभी होटगीस गाडी बदलावी लागे. म्हणजे होटगीस पाहुणे पूर्वीही येत होते. परंतु ते गावासाठी येत नव्हते, रुळांच्या मापातील फरकामुळे येत होते! पुढे लहान गाडी सोलापुरापर्यंत जाऊ लागली, कालांतराने तो मार्गही रुंद झाला, आणि प्रवाशास येथे उतरण्याचे कारणच उरले नाही. या मार्गाने दुष्काळात धान्य आणले, हे त्याचे उपकार विसरता येणार नाहीत. पण जी वर्दळ दुसऱ्याच्या सोयीने येते ती दुसऱ्याच्या सोयीनेच जाते, हा धडाही त्यानेच दिला आहे.

तिसरे उत्तर माळढोक पक्ष्याचे. सोलापूरच्या उत्तरेस नान्नजच्या माळरानावर हा सुमारे मीटरभर उंचीचा, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणारा पक्षी वावरत असे. त्याच्या रक्षणार्थ १९७९ मध्ये सोलापूर व तेव्हाचा अहमदनगर या जिल्ह्यांत अभयारण्य घोषित झाले. हेतू निःसंशय उदात्त होता. परंतु त्याचे क्षेत्र जवळजवळ ८,५०० चौरस किलोमीटर होते, आणि त्यात खासगी शेतेच नव्हेत तर भरवस्तीची गावेही आली. आपल्याच जमिनीचे व्यवहार करताना शेतकऱ्यास अडथळे येऊ लागले; साहजिकच ज्या पक्ष्याचे त्याने कौतुक करावयाचे तो पक्षी त्यास फिर्यादी भासू लागला. पुढे हे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. तोपर्यंत माळही आक्रसला होता आणि माळढोकही. आज महाराष्ट्रात हा पक्षी बोटांवर मोजण्याइतकाही दिसणे कठीण झाले आहे. या ऱ्हासास शिकार, शेतीचा विस्तार, विजेच्या तारा अशी अनेक कारणे आहेत. सारा दोष कायद्यावर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही माळावर मेंढरे चारणाऱ्या धनगरास व ज्वारी पेरणाऱ्या कुणब्यास रक्षक न करता केवळ प्रतिबंधित ठरविल्याने काय गमावले, याचा हिशेब कोठेतरी मांडला पाहिजे.

चौथे उत्तर त्या मानाने आशादायक आहे. भीमा नदीवरील उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि पाणलोटातील कित्येक गावांच्या जमिनी बुडाल्या. त्याच फुगवट्यावर भिगवणजवळ डिकसळ, कुंभारगाव या बाजूस हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले. त्यांस पाहावयास लोक येऊ लागले तेव्हा त्यांस पाण्यात नेले ते तेथील मासेमाऱ्यांनी, आपल्याच होड्यांतून. कोणता पक्षी कोठे चरतो व होडी किती अंतरावर थांबवावी, हे जाळे टाकणाऱ्यास ठाऊक असते. पक्षी उडून गेले तर उद्याचा पाहुणाही येणार नाही, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. येथे संरक्षण हे पोटाशी जोडले गेले, म्हणून ते मनाशीही जोडले गेले.

आता होटगीकडे वळू. आज तिच्या परिसरात १,३२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र उभे आहे व कोळशाच्या गाड्यांची ये-जा असते. अशा शेजारात तलाव व माळ राखणे ही चैनीची नव्हे, निकडीची गोष्ट आहे. त्यासाठी साधनेही अगदीच नाहीत असे नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेस जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमण्याचा व गावच्या वनस्पती-प्राण्यांची लोकनोंदवही करण्याचा अधिकार दिला आहे. बहुतेक ठिकाणी ही वही कपाटात पडून राहते. ती खरी व्हावयाची तर तीत मासे धरणाऱ्याचे, मेंढपाळाचे व सरपण आणणाऱ्या बाईचे ज्ञान उतरले पाहिजे. पाहुण्यांकडून जे शुल्क मिळेल त्याचा पहिला वाटा तलावातील गाळ काढण्यास जावा. पक्षी विणीस असता किंवा पाणी उतरले असता वाट बंद ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेचा असावा. आणि माळ ओसाड समजून त्यावर सरसकट झाडे लावण्याची हौस पाहुण्यांनी आवरावी, कारण माळाचे जीवन गवतात असते.

यावर कोणी विचारील की, गाव म्हणजे तरी एकजीव वस्तू आहे काय? तेथेही सबळ-दुर्बळ आहेत, आणि गावाच्या नावाने दोन-चार घरेच गबर होण्याचा संभव आहे. ही शंका आम्ही रास्त समजतो. म्हणूनच सिद्धरामांचे उदाहरण आम्ही प्रारंभी दिले. जो माती उचलतो त्याचा तळ्यावर मान, हा त्या उदाहरणाचा अर्थ आहे. हिशेब चावडीवर उघडा वाचला गेला आणि ज्याची मेहनत त्याचा वाटा हे तत्त्व पाळले गेले, तर दोन-चार घरांची सत्ता आपोआप आवरली जाईल.

होटगीने सुमारे दीडशे वर्षे लोकांस दुसरीकडे जाण्याची वाट दिली. आता कोणी तिच्याच तलावाकाठी दोन दिवस राहावयास आला, तर त्याने तेथे गिऱ्हाईक म्हणून न वावरता सोयऱ्याप्रमाणे वागावे. आणि गावाने त्यास आदराने पाणी द्यावे, परंतु तळ्याची किल्ली मात्र आपल्या कमरेस ठेवावी.