हरकती आणि सूचना: मुंबईचा आराखडा लोकांनी परत कसा पाठवला?

आजचा भाग एका नकाशाबद्दल आहे. आपण मोबाईलवर पत्ता शोधतो तो नकाशा नाही. पुढच्या वीस वर्षांत तुमच्या खिडकीसमोर मैदान राहणार, शाळा येणार की टॉवर, हे ठरवणारा नकाशा. सरकारी भाषेत त्याला विकास आराखडा म्हणतात आणि बोलताना सगळे डीपी म्हणतात.

महाराष्ट्रात याचा कायदा १९६६ चा आहे, प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम. त्यात एक साधी सोय आहे. आराखडा मंजूर व्हायच्या आधी मसुदा लोकांसमोर ठेवायचा आणि ठरलेल्या मुदतीत हरकती-सूचना मागवायच्या. हरकत कुणीही घेऊ शकतं. त्यासाठी वकील लागत नाही, घराची मालकीही लागत नाही.

मग मुंबईकर आधी कुठे होते? मुंबईचा पहिला आराखडा १९६७ मध्ये मंजूर झाला. दुसरा १९८१ ते २००१ साठी होता, पण तो तुकड्यातुकड्याने मंजूर होत १९९४ उजाडलं. म्हणजे वीस वर्षांच्या आराखड्याची तेरा वर्षं मंजुरीतच गेली! तेव्हा नकाशे कागदावर, कार्यालयात. बघायचे तर रजा टाकून जायचं.

तिसऱ्या आराखड्याच्या वेळी, २०१४-३४ च्या, चित्र बदललं. आधी जमिनीचा सध्याचा वापर दाखवणारे नकाशे आले. कुठे घर, कुठे दुकान, कुठे बाग. रहिवासी संघांनी आणि संस्थांनी ते आपापल्या गल्लीशी ताडून बघितले आणि चुका सापडायला लागल्या. दुसरीकडे 'हमारा शहर विकास नियोजन अभियान' या नावाने वस्त्यांमधले लोक आणि संघटना एकत्र आल्या. त्यांचा प्रश्न सरळ होता: मुंबईतली सुमारे ४० टक्के कुटुंबं झोपडपट्टीत राहतात, मग शहराच्या नकाशात त्यांची जागा कोरी का?

हा प्रश्न मला या सगळ्या गोष्टीचा गाभा वाटतो. नकाशात वस्ती नसेल, तर तिथे दवाखाना किंवा अंगणवाडी हवी हा हिशोबच होत नाही. उलट त्या 'रिकाम्या' जागेवर रस्ता किंवा दुसरं आरक्षण पडू शकतं. गावठाणं आणि कोळीवाडे यांचंही तेच. शहराच्या आधीपासून तिथे राहणारे लोक आपल्या गावाची हद्द नकाशात शोधत होते.

फेब्रुवारी २०१५ मध्ये मसुदा जाहीर झाला. त्यात काही भागांत ८ पर्यंत एफएसआय सुचवला होता. एफएसआय म्हणजे काय? १,००० चौरस फुटांचा प्लॉट असेल आणि एफएसआय १ असेल, तर एकूण बांधकाम १,००० चौरस फूट. ८ असेल तर ८,०००. उपनगरांत तोवर मूळ एफएसआय १ होता, शहरात १.३३. आता पाण्याची लाईन तीच, गटार तेच, स्टेशनचा जिना तोच. लोक हादरले. त्यात आरेच्या हिरव्या पट्ट्यात बांधकामाला वाट, उभ्या इमारतींवरून जाणारे रस्ते, यादीतून निसटलेल्या वारसा वास्तू.

मग सोसायट्या, रहिवासी संघ, मच्छीमार, पर्यावरणवाले, फेरीवाले, सगळे कामाला लागले. मी रोज सॉफ्टवेअरमधले बग बघतो, म्हणून सांगतो: 'तुमचं ॲप भंगार आहे' या तक्रारीवर काहीच करता येत नाही. कुठल्या स्क्रीनवर काय दिसलं आणि काय दिसायला हवं होतं, हे लिहिलं तर दुरुस्ती होते. चांगली हरकत तशीच असते. जागेचा सीटीएस नंबर, नकाशात काय दाखवलंय, प्रत्यक्षात काय आहे, काय बदल हवा. लोकांनी गल्लीबोळात बैठका घेऊन अशा हजारो हरकती पाठवल्या.

एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मसुदा रद्द करून चार महिन्यांत दुरुस्त करायला सांगितलं. चाराचे तेरा महिने झाले. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला, पुन्हा हरकती, पुन्हा सुनावण्या. शेवटी २०१८ मध्ये राज्य सरकारने आराखडा मंजूर केला.

मग लोक जिंकले का? अर्धे. ८ चा एफएसआय गेला, पुष्कळ चुका निघाल्या. पण आरेत मेट्रोची कारशेड झालीच. कोळीवाडे-गावठाणांच्या हद्दींचा प्रश्नही २०१८ मध्ये मिटला नाही. कारण कायद्याने लोकांना बोलायचा हक्क दिलाय, ठरवायचा नाही. नियोजन समिती ऐकते, महापालिका सरकारला पाठवते, अंतिम सही सरकारची.

आणखी एक गोष्ट खुपते. सोसायटीकडे लेटरहेड असतं, सेक्रेटरी असतो, एखादा आर्किटेक्ट शेजारी असतो. वस्तीतल्या बाईला सुनावणीला जायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते. हक्क दोघांचा सारखा, किंमत सारखी नाही. म्हणून २०१५ मध्ये जे संघ आपल्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडचंही बोलले, ते मला जास्त महत्त्वाचे वाटतात. फक्त स्वतःच्या समोरचं मैदान वाचवलं, तर आरक्षण सरकून शेजारच्या वस्तीवर पडू शकतं.

तुमच्या शहराचाही डीपी कधीतरी येईल. नाशिक असो, सांगली असो, एखादी छोटी नगरपालिका असो. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत सूचना येते आणि राजपत्रातल्या सूचनेच्या तारखेपासून मुदत मोजली जाते. ती दिसली की फोटो काढा, बिल्डिंगच्या ग्रुपवर टाका. आणि समोरच्या वस्तीत एखादा नंबर असेल, तर त्यालाही पाठवा.

भेटू पुढच्या भागात.